काचेची खरखरीत बाजू

आमच्या बाथरूमच्या खिडकीची काच मी स्वतःच्या हाताने घासून दुधी केली, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्याच्या पुढचं सांगणंही मला भाग आहे. पुढचं मी कुणालाच ऐकवलेलं नाही. गरजच पडली नाही. ते लोकांना माझ्याआधी माहीत होतं.

झालं असं की सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चालायला लागेपर्यंत त्या आमच्याकडे राहणार असं ठरलं. म्हणजे बायकोने ठरवलं. एरवी त्या मेहुण्याकडे असतात. पण मेहुण्याच्या घरी जिना फार, जागा कमी, आणि त्याच्या बायकोच्या कपाळावरच्या आठ्या तर कपाळापेक्षाही जास्त. "आई माझ्याकडे येईल आणि मानाने राहील," असं बायको म्हणाली. 'मानाने' हा शब्द तिने माझ्याकडे बघून उच्चारला.

"राहू दे की," मी म्हटलं. "मी काय राक्षस आहे?"

त्यावर ती आईसाठी कपाट रिकामं करायला निघून गेली. हे मला लागलं.

नेमकी त्याच आठवड्यात बाथरूमची काच फुटली. फुटली म्हणजे माझ्या कोपराने फुटली. मला शॉवरखाली भाषण करायची सवय आहे. दिवसभर ऑफिसात मी आवक-जावक टेबलावर बसून दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारतो. माझं स्वतःचं म्हणणं मांडायला मला तेवढीच एक जागा आहे. त्या दिवशी विषय होता आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. "हा माणूस," असं म्हणून मी हात मागे नेला आणि नक्षीची जुनी काच खळ्ळकन खाली गेली.

त्या खिडकीसमोर, हात लांब केला तर कुंडीतलं फूल तोडता येईल इतक्या जवळ, समोरच्या इमारतीतल्या डेंटिस्टची गॅलरी आहे. डेंटिस्ट तिथे रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसतो. मी तात्पुरता पुठ्ठा लावला. बायकोची अडचण नव्हती. ती खाली स्टुलावर बसून आंघोळ करते, खिडकी तिच्या डोक्याच्याही वर राहते. अडचण सासूबाईंची. गुडघा वाकत नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना उंच खुर्चीवर बसून आंघोळ करायला सांगितलं होतं, आणि उंच खुर्चीवर बसलेलं माणूस बरोबर खिडकीच्या चौकटीत येतं. फोटो लावल्यासारखं.

काचवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दुधी काच संपली आहे. येईल."

"कधी?"

"आली की."

असल्या उत्तरांवर माझं डोकं फिरतं. मी साधी काच कापून घेतली आणि घरी येऊन जाहीर केलं की दुधी काच म्हणजे काही स्वर्गातून उतरत नाही. साधीच काच एका बाजूने खरखरीत घासायची. गुळगुळीत काचेतून उजेड सरळ जातो म्हणून पलीकडचं दिसतं. खरखरीत पृष्ठभागावर तोच उजेड वाट फुटेल तिकडे पळतो, म्हणून उजेड मिळतो पण चित्र मिळत नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. माझं शिक्षण वाचून झालेलं आहे. बायको म्हणते, वाचता वाचता राहिलेलं आहे.

"काचवाला आणेल की आठवड्याभरात," ती म्हणाली. "आई पंधरा दिवसांनी येणार आहे."

"प्रश्न काचेचा नाही," मी म्हटलं.

"मग कशाचा आहे?"

हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आजही येणार नाही. पण सासूबाई मानाने राहतील हे मला माझ्या हाताने सिद्ध करायचं होतं, आणि ते काचवाल्याने सिद्ध केलेलं मला चाललं नसतं.

गॅरेजवाल्याकडून इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची काळी पेस्ट आणली. गॅलरीत जुनं टेबल मांडलं, त्यावर ब्लँकेट, ब्लँकेटवर काच, काचेवर पेस्ट आणि पाणी, आणि वर काचेचाच एक छोटा तुकडा हातात धरून गोल गोल घासायला लागलो. या कामाचा आवाज कसा असतो ते लिहून सांगता येत नाही. दातांनी पाटी खाल्ल्यासारखा म्हणता येईल. पहिल्या दहा मिनिटांत मजल्यावरची सगळी दारं उघडली.

शेजारचे फोटोवाले काका सगळ्यात आधी आले. त्यांचा स्टुडिओ होता, आता नुसतं नाव उरलं आहे. "अरे वा, घासलेली काच!" ते म्हणाले. "आमच्या मोठ्या कॅमेऱ्यात मागे हीच असायची. तिच्यावर समोरचं चित्र उमटायचं. पण उलटं हं. माणसं डोकं खाली, पाय वर."

"आमच्या बाथरूममध्ये चित्र नको आहे, काका."

"नको असलं तरी ही काच चित्र धरते. आपण सावध असावं."

हा मला विनोद वाटला. मी हसलो आणि घासत राहिलो.

मग औषधांचं दुकान चालवणाऱ्या वहिनी आल्या. त्यांनी सांगितलं की जुन्या औषधांच्या बाटल्यांची काचेची बुचं अशीच घासलेली असायची, त्यामुळे घट्ट बसायची, वास बाहेर यायचा नाही. मग टेबलावर साचलेल्या करड्या चिखलाकडे त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"ही पूड काचेचीच ना?"

"थोडी काचेची, थोडी पेस्टची."

"कादंबऱ्यांमध्ये जेवणात घालतात ती हीच," त्या म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "सासूबाई येणार आहेत ना तुमच्याकडे?"

मी तो चिखल त्यांच्यादेखत कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. तरी पुढचे काही दिवस त्या आमच्या घरी आल्या की पाणीसुद्धा घेत नव्हत्या.

घासणं कितीतरी दिवस चाललं. ऑफिसातून आलो की घासायचं. उजवा खांदा गेला, मग डावा गेला. ऑफिसात शिक्का मारताना हात आपोआप गोल फिरायला लागला आणि एका महत्त्वाच्या पत्रावरची तारीख पुसून तिथे ढग तयार झाला. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "घरचं काम आहे." हे उत्तर मलाच पुरलं नाही, त्यांना कुठून पुरणार?

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सांगताना कान गरम होतात, पण सांगतो. पहिल्यांदा काच धुतली तेव्हा ती पूर्ण पारदर्शक दिसली. जशी आणली होती तशीच. खालच्या ब्लँकेटचा चौकडा न् चौकडा मोजून घ्यावा. सगळी मेहनत वाया गेली म्हणून मी खाली बसलो. पाणी वाळलं तशी काच हळूहळू कडेने पांढरी होत आली, आणि थोड्या वेळाने सुंदर, धुक्यासारखी दुधी झाली. मी आनंदाने बायकोला हाक मारली. "ओली होती म्हणून दिसत होतं!" मी ओरडलो. "ओली झाली की दिसतं, वाळली की दिसत नाही!"

हे वाक्य मी उच्चारलं. माझ्या तोंडाने. आणि ती काच मी बाथरूममध्ये लावायला निघालो होतो.

मग प्रश्न आला की खरखरीत बाजू आत ठेवायची की बाहेर. जिन्यात यावर चर्चा झाली. आमच्या जिन्यात कुठल्याही विषयावर चर्चा होते, फक्त जिना झाडण्यावर होत नाही. फोटोवाले काका म्हणाले, आत. वहिनी म्हणाल्या, बाहेर. सेक्रेटरी म्हणाले, "आत की बाहेर हा प्रश्नच नाही. इमारतीच्या नियमात आहे, बाहेरून सगळ्या खिडक्या सारख्या दिसल्या पाहिजेत. गुळगुळीत. पडदा नको, कागद नको, रंग नको. आधी अर्ज करा."

"माझ्या बाथरूमच्या काचेसाठी अर्ज?"

"तुमच्या पुठ्ठ्याबद्दल आधीच तक्रार आहे."

"कुणाची?"

"माझी."

मी अर्ज केला. तो मंजूर करायला सेक्रेटरी, खजिनदार आणि आणखी एक गृहस्थ असे तिघे आमच्या बाथरूममध्ये उभे राहिले. तिसरे गृहस्थ कोण होते ते मला अजून माहीत नाही, पण त्यांनी आमचा साबण उचलून वास घेतला. शेवटी 'खरखरीत बाजू आत' या अटीवर मंजुरी मिळाली. आणि मी मूर्ख, एरवी सेक्रेटरीने सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी वाद घालणारा, त्या दिवशी त्यांच्या बाजूने बोललो. "बरोबर आहे," मी म्हटलं. "खरखरीत बाजू बाहेर ठेवली तर तिच्यात धूळ बसेल." असा मी त्या माणसाशी जन्मात एकदाच सहमत झालो.

काच बसली. कोरडी ठणठणीत, दुधासारखी. सेक्रेटरी खाली जाऊन बघून आले, म्हणाले काही दिसत नाही. फोटोवाल्या काकांनी टाळी वाजवली. मी सगळ्यांना चहा पाजला.

सासूबाई आल्या. बाई उंच, बारीक, बोलणं अगदी मोजकं. सगळं आयुष्य त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं. लोकांची भांडणं, लग्नं, मरणं, लफडी त्यांच्या कानांवरून गेली आणि एक अक्षर त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. मी त्यांना वॉकरसह थेट बाथरूमकडे नेलं. त्यांनी अजून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

"बघा, आई. माझ्या हातची आहे. आता सूर्यालासुद्धा विचारून आत यावं लागेल."

त्यांनी काचेवरून बोटं फिरवली. "बरेच दिवस लागले असतील," त्या म्हणाल्या.

"छे, त्यात काय!" मी म्हटलं आणि किती दिवस लागले, कसे लागले, खांदे कसे गेले ते सविस्तर सांगितलं. त्या वॉकर धरून उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मग बायकोने त्यांना खुर्ची दिली.

दुसऱ्या सकाळी त्यांनी आंघोळ केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कशी वाटली काच?"

"उजेड छान येतो," त्या म्हणाल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मागच्या गॅलरीत दोरीवर रोज एक ओली चादर दिसायला लागली. सासूबाईंच्या पलंगावरची. कधी अर्धी ओली, कधी पूर्ण. त्या स्वतःच्या हाताने, वॉकरला धरून, ती वाळत घालायच्या. बायकोने घेऊ म्हटलं तर म्हणायच्या, "राहू दे, मी घालते."

आता मला सांगा, म्हातारं माणूस, ऑपरेशन झालेलं, रोज सकाळी चादर ओली. तुम्ही काय समजला असता? तुमच्याबद्दल माहीत नाही. मी समजलो.

मी बायकोला बाजूला घेतलं. "आईंना रात्री कळत नसेल," मी हळू आवाजात म्हटलं. माझा हळू आवाज म्हणजे इतरांचा चढा आवाज, हे मला त्या आठवड्यात वेगवेगळ्या लोकांकडून समजलं. "लाज वाटायचं काही कारण नाही. वय आहे. आपण समजून घेतलं पाहिजे."

बायकोचे डोळे भरले. ती आईकडे गेली, दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मी विचारलं."

"मग?"

"म्हणाली, वय झालं गं आता."

माझ्या समजूतदारपणाला ऊत आला. मी वहिनींच्या दुकानात गेलो आणि दवाखान्यात पलंगावर घालतात ते तपकिरी रबरी कापड मागितलं. दुकानात चार माणसं उभी होती. "कुणासाठी?" वहिनींनी विचारलं. "सासूबाईंसाठी," मी म्हटलं, आणि लोकांना उगाच शंका राहू नये म्हणून कारणही सांगितलं. मग घरी येऊन मेहुण्याला फोन केला. "तुझ्याकडे असतानाही असं व्हायचं का?" मी विचारलं. मेहुणा म्हणाला, "काय?" लाइन खराब होती. मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने. सासूबाई पलीकडच्या खोलीत होत्या. भिंत पातळ आहे.

ते रबरी कापड मी स्वतः त्यांच्या पलंगावर अंथरलं. वर चादर घातली, हाताने सारखी केली.

"आई, संकोच करू नका," मी म्हटलं. "हे घर तुमचंच आहे."

त्यांनी कापडाचं टोक चिमटीत धरून बघितलं. उजेडासमोर धरून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "चांगलं जाड आहे," त्या म्हणाल्या. "उपयोगी पडेल."

दुसऱ्या दिवसापासून चादर कोरडी! मी विजयी मुद्रेने बायकोला गॅलरीत नेऊन रिकामी दोरी दाखवली. "बघ. रबर आणलं आणि प्रश्न सुटला."

"अहो, पण रबर चादरीखाली आहे. चादर तर ओली व्हायलाच हवी ना?"

"मानसिक असतं ते," मी म्हटलं.

इकडे सेक्रेटरीची नोटीस आली. आमच्या बाथरूमच्या खिडकीत सकाळी तपकिरी रंगाचं कापड दिसतं, ते नियमाविरुद्ध आहे, काढून टाकावं. माझ्या अंगाची लाही झाली. मी रोज त्या बाथरूममध्ये जातो, तिथे कापडाचा धागा नाही! त्या महिन्याच्या सभेत मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सेक्रेटरींना काच आणि कापड यांतला फरक कळत नसेल तर त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. ती काच मी घासलेली आहे, या हातांनी! तिच्यातून आतलं काही दिसत नाही!"

मग मागून कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात जात सगळ्या खोलीत फिरला. फोटोवाले काका जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, माझ्या सडेतोडपणाने सगळे गार पडले. त्या भाषणात मी दात असे खाल्ले की डाव्या दाढेतली जुनी चांदी निघून हातात आली.

घरी आलो तर सासूबाई बॅग भरत होत्या.

"मी रविवारी जाते," त्या म्हणाल्या. "लेकाला निरोप दिला आहे."

"पण आई, अजून जिना चढता येत नाही तुला," बायको म्हणाली.

"चढेन हळूहळू. इथे तुम्हाला माझ्यामुळे उगाच त्रास. सभेत भांडणं, दुकानात बोलणी." हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. त्या नुसत्या ब्लाऊज घडी घालत होत्या.

बायको माझ्याकडे बघत होती. 'मानाने' हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. उच्चारायची गरज नव्हती.

शनिवारपर्यंत दाढ इतकी ठणकायला लागली की जवळात जवळचा दाताचा डॉक्टर गाठावा लागला. म्हणजे समोरचाच. त्याचं माझं फार बरं नव्हतं. त्याच्या कुंड्यांचं पाणी आमच्या भिंतीवर येतं म्हणून मी त्याला एकदा खरमरीत पत्र लिहिलं होतं. पण दुखणं मोठं वाईट. गेलो, खुर्चीत आडवा झालो. त्याने सुई दिली, अर्धं तोंड मेल्यासारखं झालं. मग त्याने गालात कापसाचे बोळे कोंबले, जिभेखाली नळी घातली आणि दाढेत ड्रिल सुरू केलं. मी पूर्ण त्याच्या ताब्यात आल्याची खात्री झाल्यावर तो बोलायला लागला.

"तुमची सकाळची भाषणं मी चुकवत नाही हं," तो म्हणाला.

मी डोळे मोठे केले.

"आवाज पाण्यामुळे नीट येत नाही. पण हातवारे! सेक्रेटरींवर असतं तेव्हा तुम्ही उजवा हात असा करता. साहेबांवर असतं तेव्हा डावा. मिसेस म्हणतात, आज कुणाचा नंबर? आम्ही पैज लावतो."

"आं?" मी म्हटलं. त्या तोंडाने एवढंच म्हणता येत होतं.

"काच हो तुमची. सुरुवातीला मस्त पांढरी असते. मग शॉवरचं पाणी उडालं की हळूहळू साफ होत जाते. पडदा वर गेल्यासारखी. छातीपासून वर, एकदम स्पष्ट. साबणाचा फेससुद्धा दिसतो. तुमची पाठ असते खिडकीकडे, म्हणून तुम्हाला कळत नाही."

"आआं! आं!"

"हलू नका, नस जवळ आहे. सांगणार होतो हो कितीदा. पण तुम्ही लगेच पत्र लिहिता." त्याने ड्रिल बदललं. "सासूबाई मात्र हुशार तुमच्या. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्चीवरून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, मी कप घेऊन आत पळालो. दुसऱ्या दिवशी काच कोरडी असतानाच त्यांनी आतून चादर लावली. रोज लावायच्या, आंघोळ झाली की काढायच्या. आता ते तपकिरी रबर लावतात. ते बेस्ट आहे. चादर बिचारी भिजून चिंब व्हायची."

खुर्चीत पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागेवर जाऊन बसली. ओली चादर. 'वय झालं गं आता.' वहिनींच्या दुकानातली चार माणसं. फोनवरचा माझा आवाज. पातळ भिंत. सभेतला खोकला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डेंटिस्ट म्हणाला, "दुखतंय का? अजून थोडी सुई देऊ?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आठवत नाही. त्याने दिली.

दवाखान्यातून मी थेट घरी पळत आलो. पेपरात पत्रं लिहिणारा, सभेत गरजणारा, शॉवरखाली भल्याभल्यांना सरळ करणारा मी सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, आणि तोंडातून शब्दाऐवजी लाळ आली. खालचा ओठ माझा नव्हताच. "आई," मी म्हणायला गेलो, ते 'आफी' असं बाहेर पडलं. "आफी, चाफर... काच... मी..." शर्टाचा पुढचा भाग ओला झाला. लाळ थांबवू म्हटलं तर थांबत नव्हती. कुठून येते आहे तेच कळत नव्हतं.

सासूबाई पलंगावरून उठल्या, वॉकरचा आधार घेत माझ्यापर्यंत आल्या. बॅगेत ठेवलेला स्वतःचा टॉवेल त्यांनी काढला आणि लहान मुलाला बांधतात तसा माझ्या गळ्याभोवती बांधला.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "होतं असं. संकोच करू नका."

माझंच वाक्य होतं. त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी ते खरंच म्हटलं, आणि हनुवटी पुसली.

बायको धावत आली. मी तिला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, तांब्या भरून पाणी घेतलं आणि काचेवर फेकलं. खरखरीत बाजूवरून पाणी ओघळलं आणि दूध उतरत गेलं. पलीकडे डेंटिस्टची गॅलरी दिसायला लागली. आधी कठडा, मग कुंड्या, मग कुंडीतल्या झाडाचं एकेक पान. खुर्चीवर कप होता. कपाची कड तुटलेली आहे हेसुद्धा दिसत होतं. मग मी दारामागे हात घातला. कपडे अडकवायच्या खुंटीवर, घडी घालून, तपकिरी रबरी कापड टांगलेलं होतं. मी रोज त्याच्याशेजारी माझा टॉवेल टांगत होतो. ते मी पायपुसणं समजत होतो.

बायकोने ओल्या काचेवर बोट टेकवून बघितलं. मग बाहेर जाऊन आईसमोर बसली.

"आई, मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू यांना सांगितलं असतंस," सासूबाई म्हणाल्या. "आणि यांनी काच पुन्हा घासायला घेतली असती."

"पण लोक काय काय बोलले तुझ्याबद्दल! मी पण तेच समजले. रबर येईपर्यंत मी रोज तुझी गादी तपासत होते, आई!"

"माहीत आहे. कोरडी असायची ना? तरी तुझा यांच्यावरच विश्वास." सासूबाई किंचित हसल्या. "एवढे दिवस घासत होते ते. खांदे गेले म्हणत होते. कुणासाठी? माझ्यासाठीच ना? त्यांना कुठे तोंडावर सांगायचं, की तुमच्या काचेतून सगळं दिसतं."

मला म्हणायचं होतं की आई, मला माफ करा. मला म्हणायचं होतं की मी वहिनींच्या दुकानात जाऊन त्याच चार माणसांसमोर खरं काय ते सांगेन. पुढे मी तसं सांगितलंही, पण ती चार माणसं वेगळी होती, त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि आता त्यांनाही माहीत झालं. सेक्रेटरींचीही माफी मागितली. त्यांनी ती सभेच्या वृत्तान्तात लिहून घेतली. पण त्या दिवशी माझ्या तोंडून फक्त "आफी, माफ" एवढंच आलं, आणि टॉवेल भिजला.

रविवारी मेहुणा आला. दारात उभा राहून त्याने विचारलं, "आई, बॅग कुठे आहे?"

माझा गाल सुजून भोपळा झाला होता. मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो. डेंटिस्टने दोन दिवस बोलू नका म्हणून बजावलं होतं. बायको आईकडे बघत होती. कालपासून तिने एकदाही 'राहा' म्हटलं नव्हतं. कोणत्या तोंडाने म्हणणार?

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "तू जा. मी राहते इथे, यांचं तोंड बरं होईपर्यंत."

"तोंड? ते चार दिवसांत बरं होईल की," मेहुणा म्हणाला.

"नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "जुनं दुखणं आहे. वेळ लागेल."

बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. हसता हसता ती रडली. मग तिने आईची बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा रबरी कापड खिडकीवर लावलेलंच होतं. माझ्या आधी सासूबाईंची आंघोळ झाली होती. त्यांनी ते काढलं नव्हतं. चारही कोपरे नीट खोचून ठेवले होते. मी शॉवर सुरू केला, आणि एक शब्दही न बोलता आंघोळ केली.